अकरा रविवारांचे पाहुणे

आज चर्चमधली दरी, म्हणजे बसायची सतरंजी, झटकताना धूळ नाकात गेली आणि मला वीस वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला.

आम्ही तेव्हा बदली होऊन नागपूरहून पांढुर्ण्याला आलो होतो. इथल्या छोट्या मंडळीची रीत अशी, की उपासनेच्या शेवटी नव्या पाहुण्यांनी उभं राहायचं, टाळ्या व्हायच्या आणि प्रत्येकाच्या हातात एक संत्रं पडायचं. मी, बायको आणि दोन मुलं, आम्ही चौघे सलग अकरा रविवार उभे राहिलो. म्हणजे चव्वेचाळीस संत्री झाली, पण चहाला कोणी घरी बोलावलं नाही. "इथं आपलं कोणीच नाही," बायको म्हणायची.

बाराव्या रविवारी मी सवयीनं उभा राहिलो, तशा मागून म्हाताऱ्या सुमनबाई ओरडल्या, "खाली बसा ना भाऊ! किती दिवस पाहुणे बनून राहता? अन् जाताना ही दरी उचला, माझी कंबर दुखून राहिली."

सगळे हसले. मी घाईत दरी उलटी गुंडाळली.

"घरी बी असंच काम करता का?" सुमनबाईंनी पुन्हा झापलं.

परतताना बायको कितीतरी दिवसांनी मोकळी हसत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "इतके दिवस या गावात तुम्हाला झापायला मी एकटीच होते."