दाजींचा राग

ज्योतीराम दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, मी कैक वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. तोंडावर द्यायची कुणाची छाती नव्हती. मोशीचा गडी, चिंचवडच्या एका फाउंड्रीत भट्टीवर. सुपरवायझर नुसतं "आटप" म्हणाला, तर त्याचं डोकं साच्याच्या लोखंडी पेटीवर आपटलं. घरी मंजुळाअक्काला भाजी खारट झाली म्हणून कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढायचे.

एवढं करून नोकरी टिकली, कारण रंगराव. कंपनीत दोन युनियन होत्या, त्यातल्या एकीचा हा पुढारी. गेटवर राडा झाला की दाजींना पुढं सोडायचा आणि मागं त्यांची प्रकरणं मिटवायचा. असले लोक दुसऱ्याच्या रागावर शेती करतात आणि स्वतः सावलीत बसतात.

पंचाहत्तर साली दाजी वाळायला लागले. घागरभर पाणी प्यायचे, सारखे लघवीला पळायचे, आणि राग तर दुपटीनं वाढला. एक दिवस भट्टीसमोरच कोसळले. मधुमेह निघाला, तोही इन्सुलिनवाचून न भागणारा. अक्का काचेची सिरिंज पातेल्यात उकळू लागली, औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवू लागली.

आणि काही महिन्यांत माणूस बदलला. आवाज खाली आला. पानात काय पडेल ते मुकाट्यानं खायला लागले. एकदा मी गेलो तेव्हा अक्काच्या पाठीवर, आपणच उठवलेल्या जुन्या वळांवर, ते तेल चोळत होते. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

अक्कानं न राहवून चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "साखरेच्या सुईनं राग कसा उतरला वो?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं, मन ताळ्यावर ठेवायला ते लागतं. ते मेंदूतच बनतं, पण त्याचा कच्चा माल रक्तातून यावा लागतो. मेंदूच्या दाराशी इतर मालाचीही गर्दी असते. इन्सुलिन त्यातला बराच माल स्नायूंकडं वळवतं, मग याला वाट मिळते. इन्सुलिन नसेल तर द्रव्य कमी पडतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. यांचंही तेच झालं असेल, पण मी छातीठोक सांगणार नाही. शरीर सुधारलं की मनही सुधारतं."

अक्काला त्यातलं एवढंच कळलं, की सुई आहे तोवर संसार आहे.

रंगरावाला मात्र हा नवा ज्योतीराम काय कामाचा? ऐंशी साली दुसऱ्या युनियननं गेटवर आपला झेंडा लावायचं ठरवलं. रंगराव घरी येऊन अक्कादेखत बोलला, "सुईनं तुझी पार शेळी केली, ज्योतीराम. सोमवारी तू गेटवर पहिल्यासारखा उभा ऱ्हायला न्हाईस, तर तुझी जुनी प्रकरणं मी काय म्हणून झाकू?" म्हणजे नोकरी जाणार. दुसऱ्या दिवसापासून सुई आपली आपणच घेतो, असं दाजी म्हणाले. अक्काला बरं वाटलं, तेवढाच हातभार. दाजी मोरीत जायचे, सिरिंज भरायचे आणि औषध गटारात सोडून द्यायचे.

सोमवारी सकाळी त्यांनी अक्काला केसाला धरून उंबऱ्यावर आपटलं. कारण काहीच नव्हतं. रक्ताळल्या कपाळानं ती माझ्याकडं धावत आली. म्हणाली, "त्यांनी सुई सोडलीया. गेटवर जाऊ दिऊ नगंस." आम्ही दोघं पळालो, पण राडा पेटला होता.

दुसऱ्या युनियनच्या झेंड्याची काठी भिवानं धरली होती. भिवा दाजींच्याच भट्टीवरचा, त्यांच्याबरोबर एका डब्यात जेवणारा. "ज्योतीराम, मी हाय," तो म्हणाला. दाजींनी सळई घातली. पहिल्या घावाला खांद्याचं हाड मोडलं, दुसरा कानावर बसला. भिवा खाली पडला तरी घाव थांबेनात. तोंडाला फेस, डोळे तारवटलेले. खुद्द रंगराव "बास, बास" करत आडवा आला, तर त्याचे पुढचे दात पाडले. मग दाजी ओकले आणि भिवाच्याच अंगावर कोसळले. मी त्यांना ओढून काढलं तेव्हा त्यांच्या श्वासाला सडक्या फळाचा वास येत होता.

इस्पितळात सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं. शुद्धीवर आल्यावर, त्याच निवळलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "भिवाला लई लागलं का?"

"भिवा गेला," अक्का म्हणाली. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

खटला उभा राहिला. वकिलानं चांगला मुद्दा काढला होता: इन्सुलिन नव्हतं, मेंदूतलं द्रव्य घटलं, आरोपी भानावर नव्हता. डॉक्टरीणबाई जेवढं खरं तेवढं सांगायला तयार होत्या. अक्का नवऱ्याच्या पाया पडली, "तुमी फकस्त गप ऱ्हावा."

न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मला वाटलं, नाही म्हणून मान हलवतील आणि सुटतील. दाजी कठड्याला धरून उभे राहिले. अक्काकडं त्यांनी बघितलं नाही.

"सायेब, भिवाला मारताना मी भानावर नव्हतो, हे खरं हाय," ते म्हणाले. "पर औषध गटारात वतताना मी शांत हुतो."