एकट्या माणसाला किती बंदुका

माझ्याकडे एके काळी पाच बंदुका होत्या आणि त्यांतली एकही मला धड चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिकारीच्या गोष्टींची वाट बघत कोणी बसणार नाही. बंदूक खांद्याला लावली की माझे डोळे आपोआप मिटायचे. वडिलांनी शिकवायची पुष्कळ खटपट केली. शेवटी वैतागून म्हणाले, "तुका डुकर मारूक जमाचा नाय. तू नुसतो बार काड, आवाजान पळतले." आणि खरंच, आमच्या भातात शिरलेली डुकरं आवाजानेच पळत. त्या कामाला वडिलांची ठासणीची बंदूक पुरेशी होती. नळीत दारू घालायची, वर चिंध्या कोंबायच्या, गजाने ठासायचं, चापाखाली ठिणगीची केप बसवायची आणि आभाळाकडे तोंड करून उडवायची. डुकरं सुखरूप, भात सुखरूप, मीही सुखरूप.

मालवणपासून आत, खाडी चिंचोळी होत संपते तिथून वर चढणीला आमचं घर होतं. वाडी सगळी खाली, आम्ही तेवढे वर. आईवडील गेल्यावर तिथे मी आणि बायको राहिलो. मूल नव्हतं. थोरला भाऊ मुंबईला. पन्नास सालानंतर थोड्याच वर्षांत बायको तापाने गेली. भाऊ येऊन तेरावा उरकून परत गेला आणि मग त्या घरात बोलणारं कोणी उरलं नाही.

मी स्वभावाने तिरसट. दारात आलेल्या माणसाला दोन वाक्यांत वाटेला लावायचो. तरी घरात सतत कोणी ना कोणी असायचं, त्यामुळे माझी समजूत अशी की लोकांना मी आवडतो. ती गेल्यावर कळलं की लोक तिच्याशी बोलायला येत. कोणी सोलं घेऊन येई, कोणी पोर दाखवायला, कोणी नुसतंच पडवीत टेकायला. ते सगळं थांबलं. कोणाचं चुकलं असं नाही. ती नव्हती, मग चढण चढून कोण कशाला येईल? मी कोंबड्यांशी बोलायला लागलो. कोंबड्या ऐकून घेतात, पण सारखी मान वळवतात, त्यामुळे अपमान झाल्यासारखा वाटतो.

पहिल्या वर्षीच्या शिमग्यात खालच्या वाडीतला माझा शेजारी बंदूक मागायला आला. शिमग्यात आमच्याकडे गावाची पारध असते. सगळे मिळून रान उठवतात, बंदुकवाले जनावराची वाट अडवून अडणीला बसतात, आणि जे मिळेल त्याचे वाटे घालतात. माणसाला वाटा, कुत्र्याला वाटा आणि बंदुकीलाही वाटा. बंदूक ज्याची, त्याच्या घरी तो वाटा पोचवायचा. शिवाय आमच्या गावात आणखी एक पाळणूक होती: मागून नेलेली बंदूक दुसऱ्याच्या घरात रात्रीला ठेवायची नाही. दिवस मावळायच्या आत धन्याच्या घरी टेकवायची, आणि बंदूक आणणाऱ्याला धन्याने तसंच परत पाठवायचं नाही, बसवायचं, खायला घालायचं.

शेजारी अबोल माणूस. संध्याकाळी बंदूक घेऊन आला, केळीच्या पानातला वाटा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "ही तुमची बंदूक. आणि ह्यो बंदुकीचो वाटो." त्याच्याबरोबर रानातून परतणारे आणखी दोघे होते. तिघे घरापुढच्या खळ्यात बसले. त्यांनीच मटण शिजवलं, मी कांदाखोबरं वाटलं. दोघे पारधीच्या थापा मारत राहिले, शेजारी ऐकत राहिला. जाताना एकजण म्हणाला, "भाऊनू, वाटाप बरा झाला, पण मीठ खंय पडला? चुलीत?" मी एवढा हसलो की माझंच मला नवल वाटलं. कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

ती माणसं गेल्यावर मी वडिलांची बंदूक भिंतीला टांगली आणि तिच्याकडे बघत बसलो. पारधीला बंदूक दिली तर माणूस येतो. गणित सरळ होतं.

पुढच्या शिमग्याआधी मी दुसरी बंदूक घेतली. वेंगुर्ल्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना बापाची एकनळी नकोशी झाली होती. नंतर सावंतवाडीकडच्या एका घरातून आणखी एक ठासणीची आली, मग दुसरी एकनळी. शेवटी, मालवणात उतरलेल्या एका आगबोटीवरच्या माणसाची दुनळी घेतली. ती दिसायला देखणी होती, दस्त्यावर पानांची नक्षी होती, आणि मी तिला खोबरेल लावून ठेवायचो. गावात काय काय बोलत ते माझ्या कानावर यायचं. "बायल गेली आणि हेना बंदुको हाडल्यान." कोणी म्हणे याला वडिलांचं पुरलेलं सोनं सापडलं, कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. मी कोणाला खरं सांगितलं नाही. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मला माणसं हवीत म्हणून मी बंदुका घेतो?

पण गणित बरोबर येत होतं. दर शिमग्याला पाच माणसं बंदुका न्यायची आणि पाच माणसं संध्याकाळी परत आणायची. दुनळी नेणारा तर बोलण्यात पक्का सोंगाड्या. "डुकर असो अंगार इलो, भाऊनू, मगे मी काय केलंय..." म्हणून तो उठून उभा राही आणि डुकर, कुत्रा, झाड, स्वतः, सगळ्यांचं काम एकटाच करून दाखवी. बाकीचे त्याला खोटं पाडत. एवढी माणसं बघून वाटेवरचे आणखी चारजण येऊन टेकत. पाची वाटे एकाच टोपात शिजत. मी सकाळपासून पाट्यावर वाटत असे, पाठ भरून येई, पण वर्षभर मी त्या एका संध्याकाळची वाट बघायचो. उरलेलं वर्ष बंदुका पुसण्यात जाई. इतर वेळी, भातराखणीला म्हणा किंवा दसऱ्याच्या पूजेला म्हणा, कोणी ना कोणी उगाच बंदूक बघायला चढण चढून यायचं. ते पण मी हिशेबात धरायचो.

साठ सालानंतर, गोव्याची गडबड होऊन गेल्यावर, बंदुकांचे परवाने नव्याने तपासायला सुरुवात झाली. कचेरीत मला बोलावणं आलं. साहेब देशावरचे, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला सौम्य. त्यांनी माझे परवाने चाळले आणि विचारलं, "घरी माणसं किती?"

"मी एकटा," मी म्हणालो.

"एकट्या माणसाला पाच बंदुका कशाला लागतात हो?"

मी म्हणालो, डुकरांचा त्रास आहे. साहेबांनी माझ्या शेताचा तुकडा किती ते पाहिलं आणि हसू दाबलं. तेवढ्या भाताला पाच बंदुका म्हणजे पलटणच झाली. ते म्हणाले, "मी सक्ती करत नाही. पण शेतीसाठी परवाने मागणारे पुष्कळ आहेत, त्यांना बंदुका मिळत नाहीत. तुम्हीच ठरवा, तुम्हाला किती पुरेत. ठेवायच्या तेवढ्या ठेवा, बाकीच्या ज्यांना गरज आहे त्यांच्या नावावर करून टाका. शिमग्याआधी येऊन सांगा."

साहेबांनी सक्ती केली असती तर बरं झालं असतं. भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्यांनी माझ्यावरच सोपवलं.

घरी आल्यावर मी पाची बंदुका ओटीवर ओळीने मांडल्या. किती पुरेत? डुकरांसाठी म्हटलं तर एक पुरे, तीही नुसती आवाजाला. पण माझ्यासाठी किती? मी एकेक बंदूक उचलून बघत होतो आणि तिच्याबरोबर येणारा माणूस डोळ्यांसमोर येत होता. दुनळी दिली तर थापाड्या जाईल. वेंगुर्ल्याची दिली तर ती नेणारा गोरा पोरगेला माणूस जाईल, तो फार खाई आणि फार हसे. मी एक बाजूला काढायचो आणि परत ओळीत ठेवायचो. असे बरेच दिवस गेले.

मग मला माझीच लाज वाटायला लागली. बंदुका नेणारी ही माणसं खाली शेतं राखत होती, डुकरं त्यांचं भात नासत होती, रात्री डबे बडवत ती माचावर बसत होती. आणि त्यांना लागणारी वस्तू मी एका संध्याकाळसाठी भिंतीला टांगून ठेवली होती. ज्या बंदुकीला ज्याचा हात बसला होता, ती त्याची व्हावी हे उघड होतं. राहता राहिली वडिलांची. ती नेणारा अबोल शेजारी सगळ्यांत आधी आला होता. मी ठरवलं, ही ठेवायची. एक बंदूक, एक माणूस. वर्षातून एकदा एक माणूस संध्याकाळभर बसला तरी एकट्याला तेवढं पुरे. गर्दीची सवय लागली होती, ती मोडेल.

कचेरीत जाऊन मी सांगितलं, "एक पुरे." साहेबांना आनंद झाला. चौघांना परवाने मिळाले, बंदुका त्यांच्या नावावर झाल्या. चौघेही नारळ घेऊन पाया पडायला आले. थापाड्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "भाऊनू, तुमचे उपकार आमी इसराचव नाय." त्या दिवशी मला खरोखर बरं वाटलं. अजूनही त्याबद्दल पस्तावा नाही.

शिमगा आला. शेजारी येऊन वडिलांची बंदूक घेऊन गेला. मी कांदाखोबरं वाटलं, थोडंच. दुपारी डोंगरातून बार ऐकू यायला लागले. मला प्रत्येक बंदुकीचा आवाज ओळखू येई. दुनळीचे दोन बार पाठोपाठ झाले आणि मी उगाच खळ्यात उभा राहिलो.

ऊन उतरल्यावर शेजारी एकटाच आला. बंदूक टेकवली, पान पुढे ठेवलं, तेच शब्द बोलला. मी टोप चढवला. तो खळ्यात बसला, मी त्याच्यासमोर बसलो. आणि आमच्या दोघांकडे बोलायला काही नव्हतं.

मी विचारलं, "डुकर कोणी मारल्यान?"

"दुनळीन."

"मोठो होतो?"

"होतो."

मग जाळ चुरचुरत राहिला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या खळ्यात बसत होता, पण तो ऐकायला बसत होता. थापाड्याचं सोंग बघायला, गोऱ्या पोराला हसताना बघायला. तेही सगळे एकमेकांसाठी बसत. खळं माझं होतं, टोप माझा होता, एवढंच. माझ्या बायकोच्या वेळी जसं होतं तसंच पुन्हा होतं, आणि ते मला दुसऱ्यांदा कळलं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त लागलं. एक बंदूक म्हणजे एक माणूस हे गणित मुळातच चुकलेलं होतं. दोन ठेवल्या असत्या तरी चुकलंच असतं. तीन ठेवल्या असत्या तर कदाचित जमलं असतं, कोण जाणे.

खालून थापाड्याच्या खळ्यातून हसण्याचा कल्लोळ आला. शेजाऱ्याची मान तिकडे वळली आणि लगेच परत आली. तो बिचारा पाळणूक पाळत होता. त्याच्या तोंडावर इतकं अवघडलेपण होतं की मलाच त्याची दया आली.

मी म्हणालो, "जा रे तू. थंय वाट बघतले तुझी."

"नाय, बसतंय मा."

"जा म्हणतंय मी. माका आज बरा नाय वाटणा."

तो उठला. खळ्याच्या कडेच्या मडगीपाशी थांबून म्हणाला, "तुमी पण येवा मा थंय." जाणारा माणूस म्हणतो तसंच म्हणाला.

"हो फुडे. येतंय मी," मी पण तसंच म्हणालो. तो उतरणीवरून जवळजवळ धावतच गेला. मी गेलो नाही. कोणी मला हात धरून नेलं असतं तर गेलो असतो, पण तिरसट माणसाचा हात धरायला कोण येतं? टोपातलं मटण मी त्या दिवशी खाल्लं नाही. खळ्यात बसून खालचं हसणं संपेपर्यंत ऐकलं. मी फार एकटा होतो, आणि त्याला बंदुकांचा काहीच इलाज नव्हता.

पाडव्यानंतर शेजाऱ्याला बरोबर घेऊन मी कचेरीत गेलो आणि वडिलांची बंदूक त्याच्या नावावर करायला सांगितलं. त्याला आधी विचारलंही नव्हतं. साहेब म्हणाले, "अहो, एक पुरे असं तुम्हीच ठरवलंत. आता तीही नको? आणि भातात डुकरं शिरली तर काय करणार?"

"शिरू देत साहेब," मी म्हणालो. "तेवढंच कोणी तरी येईल."

साहेब मोठ्याने हसले. शेजारी हसला नाही.