उल्काने तोललेलं निर्माल्य

२८ मार्च २०१२, बुधवार

रामनवमी चार दिवसांवर आली म्हणून वाती वळायला बसले होते. शंभरातल्या चाळीसच झाल्या होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची उल्का धापा टाकत आली आणि म्हणाली, "काकू, पास. डिपार्टमेंटमध्ये पहिली." कापूस तसाच राहिला. पोरीची हकीकत आजच्या पानावर उतरवून ठेवते.

उल्का सूर्यकांत भावजींची मुलगी. भावजी कृषी मंत्रालयात, ही पर्यावरणाच्या एम.एस्सी.ला. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. प्रश्न आपणच काढायचा, माहितीही आपणच जमवायची. हिचा प्रश्न असा की, इथल्या, दिल्लीच्या पटपडगंजमधल्या मराठी घरांतलं निर्माल्य जातं कुठे?

जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका एकाच जागी भेटतील म्हणून ही छापील फॉर्म घेऊन तिथेच आली. तिळगूळ तोंडात, फॉर्म मांडीवर. मंडळाच्या अध्यक्षा चंद्रप्रभाबाईंनी प्रश्न मोठ्याने वाचला आणि उत्तरही मोठ्यानेच दिलं, "कुंडीत घालतो. लिहा गं." एकतीस जणींनी तेच लिहिलं. मीही.

तिच्या मॅडमनी गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, "बेटा, ये सर्वे है या आरती? सब एक सुर में." पंधरा मार्चपर्यंत खरी माहिती आली नाही तर प्रकल्प बाद, डिग्री सहा महिने पुढे.

दोन दिवस पोरगी धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काकू, आधी विचारणारच नाही. तोलणार."

मग एकवीस दिवस हेच चाललं. सकाळी आंघोळ करून, सामान तोलायचा हातकाटा घेऊन घरोघर जायचं, चप्पल दाराबाहेर काढायची, आदल्या दिवशीचं निर्माल्य तोलायचं, वहीत आकडा मांडायचा, पिशवी परत द्यायची. कुठे टाकता, हे शेवटच्या दिवशी, स्वयंपाकघरात, एकेकीला एकटीला गाठून विचारायचं. सव्वीस घरं तयार झाली.

चंद्रप्रभाबाईंनी पहिल्या दिवशी दारातच अडवलं. "देवावरून उतरलेलं असं तोलतात का गं?"

"मावशी, देवाला वाहायच्या आधी फुलवाला तोलूनच देतो ना?"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "वकीलच व्हायचं होतंस. ये आत."

एकविसाव्या दिवशी कणीक मळता मळता त्याच तिला म्हणाल्या, "तुझे काका ऑफिसला जाताना पुलावरून यमुनेत सोडतात. पिशवीसकट. आता हे सगळ्यांसमोर कसं लिहिणार होते?" मलाही खरं सांगावं लागलं. आमच्याकडेही तेच. यमुनामाईला हात जोडायचे आणि तिच्याच अंगावर प्लास्टिक फेकायचं. देवा, क्षमा कर.

एकूण एकशे नऊ किलो. सव्वीसपैकी एकोणीस घरांचं नदीत. चौदा मार्चला, मुदतीच्या एक दिवस आधी, टाइप केलेली फाइल मॅडमच्या टेबलावर गेली.

आज तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या सरांनी फाइलच्या शेवटी जोडलेले ते एकतीस फॉर्म उघडून विचारलं, "ये क्यों लगाए? ये तो गलत हैं."

उल्का म्हणाली, "जी सर, बिल्कुल गलत. सबके सामने पूछा, ये मेरी गलती थी. इनके बिना कोई समझेगा नहीं कि मैंने तौला क्यों."

सरांनी फाइल मिटली. मग मॅडमना म्हणाले, पुढच्या वर्गाला हीच फाइल दाखवा. पोरीचं सांगून झालं. मी तिच्या हातावर साखर ठेवली आणि तिला देवापुढे नेलं.

संध्याकाळी चंद्रप्रभाबाई पेढे घेऊन तीन जिने चढून आल्या. "आमच्या घरचे आकडे आम्हाला नकोत का? प्रत्येक घराला एक प्रत दे," असं तिला बजावून गेल्या.

उद्या सकाळी उल्काला सव्वीस प्रती काढायला झेरॉक्सवाल्याकडे जायचं आहे.