वहिनीचे रविवार

सरोजाक्कांचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये सातवीच्या वह्या तपासत बसले होते. गुरुवार होता, मधली सुट्टी नुकतीच संपली होती. सरोजाक्का म्हणजे बनशंकरीला आमच्या माहेरच्या घरासमोर राहणाऱ्या शेजारीण. घरी कन्नड बोलतात, पण माझ्याशी हट्टाने मोडकंतोडकं मराठी. त्या दिवशी मात्र त्यांना तेही जमेना. शालिनी स्वयंपाकघरात पडली, डॉक्टर येऊन गेले, आता काही उरलं नाही, तू ये, एवढंच म्हणाल्या. शालिनी म्हणजे माझी वहिनी. आणि ती गेली हे कळून दोन मिनिटंही झाली नव्हती, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता आईकडे कोण बघणार? हे लिहायला लाज वाटते. पण या लेखात लाज वाटावी असं बरंच पुढे येणार आहे, तेव्हा सुरुवात इथूनच केलेली बरी.

वहिनी खानापूरची. आम्ही मूळ बेळगावचे, वडिलांच्या नोकरीपायी बेंगळुरूला येऊन इथलेच झालेले. माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. बोलायला कमी, कामाला वाघ. मूलबाळ झालं नाही, त्याचे टोमणेही तिने भाजीतल्या खड्यासारखे निमूट बाजूला काढून ठेवले. मग अण्णाची मूत्रपिंडं गेली आणि दोन वर्षं तिची हॉस्पिटलच्या फेऱ्यांत गेली. तिथे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको ख्रिस्ती होती. दोघी डबे वाटून खायच्या, एकमेकींच्या माणसाजवळ आळीपाळीने बसायच्या. त्या बाईचा नवरा आधी गेला. सगळ्यांना वाटलं, आता ती कशाला या बाजूला फिरकते. पण पाचव्या दिवशी ती डब्यात गरम सार घेऊन अण्णाच्या खाटेशी हजर... आणि पुढे अण्णा जाईपर्यंत येत राहिली.

अण्णा गेल्यावर वर्षाने वहिनीने बाप्तिस्मा घेतला. नातेवाइकांत एकच गोंधळ उडाला. माझी एक चुलत मावशी म्हणाली की नवरा वाचला म्हणून कुणी देव बदलला तर एक वेळ समजू शकतं, पण इथे तर माणूस गेला, मग हिला मिळालं काय? मलाही तेच वाटत होतं. मी तिला विचारलंही, जरा खोचकपणेच. ती भांडी घासत होती. म्हणाली, "वन्सं, स्वतःचं माणूस गेल्यावर दुसरीसाठी सार करायचं बळ तिने कुठून आणलं, ते मला बघायचं होतं. बघायला गेले आणि तिथेच राहिले."

तिने नाव बदललं नाही, साडी नेसायची पद्धत बदलली नाही, घरात कसली तसबीरही लावली नाही. घर आईंचं आहे, म्हणायची. बदललं ते भलतंच. जुना फ्रीज विकायला काढला, तेव्हा घ्यायला आलेल्या माणसाला हिने आपण होऊन सांगितलं की खालून पाणी गळतं आणि उन्हाळ्यात दूध नासतं. तो हात जोडून निघून गेला. आम्ही कितीतरी दिवस हसत होतो. कामवाल्या बाईचा वेगळा कप तिने आमच्या कपांत मिसळून टाकला, आणि इतकी वर्षं वेगळा ठेवला म्हणून तिची माफी मागितली. आईला ते कळलं, तेव्हा आईने चार दिवस चहा सोडला. पाचव्या दिवशी त्याच कपांतून प्यायली.

तशीच एक दिवस ती माझ्याकडे इंदिरानगरला आली. पदराशी चाळा करत बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, तुमच्या लग्नाच्या वेळी मी आईंना म्हटलं होतं, मुलगी सावळी आहे, वय वाढतंय, चालून आलेलं स्थळ सोडू नका. मला तुम्ही घरातून लवकर जायला हव्या होतात. मला क्षमा करा. अठ्ठावीस वर्षं मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं! आईने माझं लग्न घाईत का उरकलं, याचं कोडं उलगडलं ते असं. मी वरवर म्हटलं, "अगं, जुनं झालं ते." चहा पाजला, मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायलाही गेले. तिच्या मनावरचा दगड उतरला, तो माझ्या मनावर येऊन बसला. हिचं बरं आहे, मला वाटलं, आपलं मन स्वच्छ करायला दुसऱ्याच्या घरात केर टाकून गेली. क्षमा वगैरे काही मी केली नव्हती.

त्यानंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. सगळं वहिनीवर आलं आणि तिने ते केलं, नर्ससुद्धा करणार नाही असं. आईचा देव्हारा तेवढा नाजूक प्रश्न होता. वहिनी फुलं आणायची, वाती वळायची, उपकरणी चिंचेने घासून लखलखीत करायची. हात मात्र जोडायची नाही. आधी आई स्वतः दिवा लावायची. आता डाव्या हाताने काडी ओढता येईना. तेव्हा वहिनी पेटी धरायची, आईचं मनगट आपल्या हातात घ्यायची आणि आईच्याच बोटांतली काडी वातीपर्यंत न्यायची. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, सरळ तूच लाव की. म्हणाली, दिवा आईंचा आहे, त्यांनीच लावायला हवा. आई ऐकत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी फुलांची परडी आवरायला घेतली.

आईला एकटं सोडता येत नसे. एकदा वहिनी वाण्याकडे गेली तेवढ्यात आई खाटेवरून घसरली होती. म्हणून वहिनीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. तिची उपासना रविवारी साडेनऊला असायची, घरापासून दहा मिनिटांवर. मी रविवारी आईला भेटायला येतेच, तर नऊपर्यंत येऊ शकेन का? दर रविवारी नाही जमलं तरी महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीने सगळे मिळून भाकर घेतात. मी म्हटलं, हल्ली सगळं मोबाईलवर दाखवतात ना? ती म्हणाली, "बाकीचं घरी होतं. पण भाकर सगळ्यांत बसून घ्यायची असते, वन्सं." मी हो म्हटलं.

आणि मी अकराला जात राहिले. जवळजवळ चार वर्षं. ट्रॅफिक, पाहुणे, गुडघा, कारणांना काय तोटा? रविवारी सकाळी या शहरात रस्त्यावर कुत्रीसुद्धा आळस देत असतात, ट्रॅफिक कुठला! शाळेत दोन मिनिटं उशिरा आलेल्या पोरांच्या डायरीत शेरा मारणारी बाई मी. आठवड्यातून एक सुट्टी, उठवत नाही, असं मी स्वतःलाही सांगायचे. चार-सहा आठवड्यांतून एकदा, मनाला टोचलंच तर, नऊला जायचे आणि तिचा उजळलेला चेहरा बघून मोठे उपकार केल्यासारखी बसायचे. खरं सांगायचं तर तो आळस नव्हता. मी मुद्दाम उशीर करत होते. चर्च तुटलं की हे खूळही हळूहळू सुटेल, हा एक हिशेब. आणि दुसरा तो सावळ्या मुलीचा. तिला जे सगळ्यांत जास्त हवं होतं, ते माझ्या हातात होतं, आणि मी ते देत नव्हते.

ती गेली त्याआधीचा रविवार महिन्यातला पहिला होता. शनिवारी तिचा फोन आला, उद्या जमेल का? नक्की, मी म्हटलं. रविवारी आम्ही नवराबायको उठून निवांत डोसा खायला गेलो, दुसरी कॉफी मागवली. मी बनशंकरीला पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दार उघडंच होतं. वहिनी इस्त्रीची फिकट पिवळी साडी नेसून दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. पायात चपला, मांडीवर पुस्तकाची पिशवी. सव्वादोन तास ती तशीच बसली असणार. मी ट्रॅफिकचं काहीतरी पुटपुटले. "बरं, या," ती म्हणाली, "चहा टाकते." आत जाऊन साडी बदलून आली आणि आईला भरवायला बसली. चार दिवसांनी गेली.

कुठे न्यायचं यावर नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली, तेव्हा आईने डावा हात उचलून सगळ्यांना गप्प केलं आणि अडखळत म्हणाली, "तिच्या... माणसांना बोलवा." तिची माणसं आली, साठ-सत्तर तरी. माती दिल्यावर चर्चच्या पाळकांच्या पत्नी माझ्याजवळ आल्या. त्यांच्याकडून कळलं की भाकर घरी आणून द्यायची तयारी त्यांनी कितीदा दाखवली होती. वहिनी नको म्हणाली होती. सासूबाईंच्या घरात त्यांच्या मनाविरुद्ध काही व्हायला नको. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "नणंद तुम्हीच ना? आम्ही तुमच्यासाठी नेहमी प्रार्थना करतो. शालिनी सांगायची, तिला आठवड्यात एकच सुट्टी, तीही ती आईसाठी देते, तिचे गुडघे दुखतात, तिला बळ मिळू दे." 

आता आईसाठी दिवसरात्र राहणारी पगारी बाई ठेवली आहे. तिला रविवारी सुट्टी. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, मॅडम, नऊच्या पुढे मी थांबणार नाही. तेव्हापासून मी रविवारी पावणेनऊला बनशंकरीला असते. एक मिनिट उशीर नाही. तिसऱ्या रविवारी बाई निघून गेल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि मला सहन झालं नाही. मी खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. की मी मुद्दाम उशिरा यायचे, रस्ता मोकळा असायचा, कधी तर मी कोपऱ्यावरच्या बागेत बसून अकरा वाजवले आहेत.

"ठाऊक होतं," आई म्हणाली. "तिलाही."

मग ती मला काही का बोलली नाही, मी विचारलं. आईला शब्द जुळवायला वेळ लागतो. 

"मीच म्हटलं... रागवते तिला. तर शालिनी म्हणाली, नको. रागावलात तर त्या यायच्याच बंद होतील... तुम्हाला लेक दिसायची नाही." आईच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिला पुसता येईना. "मी गप्प बसले. मला तू हवी होतीस. आपण दोघींनी... तिचे रविवार घेतले."

मी आईचे डोळे पुसले.  सव्वानऊला समोरून सरोजाक्कांनी खिडकीतून हाक मारून विचारलं, इतक्या लवकर आलीस, काही विशेष? मी म्हटलं, काही नाही, अक्का, मी नऊलाच येते. दाराजवळच्या त्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही. मीही नाही.