पत्ता नसलेली पार्सलं

शेणव्याच्या माळावर माझी मोटारसायकल थांबली, की यमुनाकाकू शेडमधून न बघताच ओरडायची, "आला गो आपला पोस्टमन. पत्ता नसलेलं पार्सल घेऊन." हे ती आतल्या कुत्र्यांना सांगत असे.

पार्सल म्हणजे कुत्रंच. खर्डीपासून मुरबाडपर्यंत कुठंही एखादं कुत्रं गाडीखाली आलं, की लोक मला फोन करतात. मी शाळेत कारकून आहे. फावल्या वेळात कुत्र्यांवर उपचार करवतो, फोटो टाकतो, घर शोधतो. गोजिरवाण्या पिल्लांना घरं मिळतात. आंधळी, लुळी, चावरी उरतात. ती मी काकूच्या दारात सोडायचो आणि अंधार पडायच्या आत शहापूर गाठायचो. भूतदयेबद्दल शाल मला मिळाली. घाण काकूनं काढली.

काकूला नवरा नाही, मूल नाही, आणि जीभ तिखट. कुत्र्यांना नावं मात्र मानाची. आंधळा 'पाटील'. "कायच दिसत नाय, पन पुढं चालायची हौस." तीन पायांचा, चावरा तो 'तलाठी'. "घेतल्याबिगर सोडत नाय."

तलाठ्यानं पहिल्याच दिवशी तिचा हात दातांत धरला. रक्त आलं. मी ओरडलो, "काकू, हात काढा." तिनं काढला नाही. दुसऱ्या हातानं त्याचं कपाळ चोळत राहिली. त्यानं हात सोडल्यावर म्हणाली, "हात काढला का त्येला कळतं, चावलं की मानूस जातो. मंग जनमभर चावीत बसतो. जा रे तू, तुला टाइम नाय." इंजेक्शनाला मीच तिला नेलं, तर वाटभर तलाठ्याचंच कौतुक.

यंदा भातकापणीच्या सुमारास तिची मूत्रपिंडं गेली. शहापूरच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "माझ्यामागं यांचं कोन?"

"बघू, काकू."

"बघू म्हंजे नाय रे," ती म्हणाली आणि भिंतीकडं वळली. त्याच आठवड्यात गेली.

त्यानंतर रोज मी शेडच्या तारेच्या कुंपणावरून भात आत टाकायचो आणि निघायचो. तलाठी तोंड लावत नव्हता.

दहाव्याला धसईहून तिचा पुतण्या आला. ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. कावळे झाडावर होते, पण उतरेनात. कारण तलाठी तारेखालून निसटून आला होता आणि पिंडाशेजारी बसला होता. पिंडाला त्यानं नाकही लावलं नाही. नुसता बसला.

"म्हातारीचं मन कशात तरी अडकलंय," एक बाई म्हणाली. "कोन तरी बोला गो, आमी करू म्हना."

"ह्या कुत्र्यांत अडकलंय, आजून कशात?" पुतण्या वैतागला. "उद्या टेम्पो सांगितलाय. सगली माळशेजच्या घाटात सोडून येतो."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी बोलायला तोंड उघडलं, तर जिभेवर एकच शब्द होता, 'बघू'. मी तोंड मिटलं.

पुतण्यानं काठी उचलली. तेव्हा मी पुढं झालो आणि तलाठ्याला पोटाखालून धरून उचललं. त्यानं माझ्या मनगटात दात रोवले. कळ खांद्यापर्यंत गेली. लोक ओरडले, "टाका खाली." मी हात काढला नाही. त्याला तसाच छातीशी घेऊन माळ चढलो. मागं कावळा शिवला का, मला ठाऊक नाही. मी वळून पाहिलं नाही.

पावलं ऐकून शेडमधली सगळी उठली. तारेजवळ आली, मला हुंगलं आणि पुन्हा आपापल्या गोणपाटावर जाऊन पडली. पाटीलसुद्धा. त्यांची चूक नव्हती. मी आणून सोडतो आणि जातो, एवढंच त्यांना माहीत होतं.

तलाठ्याचे दात अजून सुटले नव्हते. मोकळ्या हातानं मी दार ओढलं आणि आतून कडी लावली.