लातूरहून नांदेडला नेलेली होडी

माझी मुलगी हे पान रोज वाचते. तीच म्हणाली, "पप्पा, तुमची ती होडीची गोष्ट टाका की." तिला ती अर्धीच माहीत आहे. पूर्ण गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही... बायकोलासुद्धा नाही. सहावीतून शाळा सोडलेला माणूस आहे मी, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

भुताखेतावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. देवगडच्या बाजूला खाडीकाठी माझं गाव. तिथं घरटी एक तरी असली गोष्ट असते, आणि ती ऐकता ऐकता मी खुशाल झोपी जायचो. मी घाबरायचो ते जिवंत माणसांना. साहेब चिडतील का, उद्या कामावर नको म्हणतील का, हेच सतत डोक्यात. अजूनही दारावर कुणी थाप मारली की आधी खिडकीतून बघतो, मगच कडी काढतो.

तर... लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग नवा, निम्म्या फायली अजून उस्मानाबादलाच. आणि वरून दुष्काळ. मी तिथं कसा पोचलो, तर होडीबरोबर! आमचे साहेब सरकारी इंजिनियर, त्यांना शिडाच्या होडीचा नाद. माझ्या मामानं बांधलेली चौदा फुटी होडी त्यांनी विकत घेतली, लातूरजवळच्या तलावात सोडली आणि तिची निगा राखायला मला ठेवून घेतलं. पगार साहेब स्वतःच्या खिशातून द्यायचे. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा साहेबांच्या बाईंनी मला घरात ठेवून महिनाभर पेज भरवली. कोण कुठला मी! त्या दोघांचं नाव काढलं की माझे हात आजही आपोआप जोडले जातात.

तलाव आटला. होडी चिखलात बसली, मग चिखलही वाळला. त्यातच साहेबांची बदली नांदेडला झाली. तिथं गोदावरीच्या बंधाऱ्यामागं पाणी शिल्लक होतं आणि रोज होडीतून जाऊन पाण्याची खोली मोजायला एक माणूस हवा होता. कायमची नोकरी! साहेब म्हणाले, "बुधवारी सकाळी मोठे साहेब येणार आहेत. होडी त्यांच्यासमोर तरंगली, तर तुझं नाव मी पुढं करतो. नाही तरंगली तर... मला तरी तुला किती दिवस ठेवता येणार रे?" घरी आई आणि दोन बहिणी माझ्या मनिऑर्डरवर. तेव्हा माझं सगळं त्या होडीवर होतं.

आता होडीची एक गोष्ट कोरड्या मुलखातल्या लोकांना माहीत नसते. लाकडाची होडी पाण्याबाहेर ठेवली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. तशीच पाण्यात लोटली तर चाळणीसारखी भरते. म्हणून तिच्यावर कायम ओली पोती टाकून ठेवावी लागतात. दोन महिने मी साहेबांच्या अंघोळीचं पाणी बादलीत धरून त्या पोत्यांवर मारत होतो.

न्यायला गाडी मिळेना. लातुरातल्या झाडून सगळ्या ट्रॉल्यांवर पाण्याच्या टाक्या बसवलेल्या. शेवटी बाबूमिया नावाचे ट्रॅक्टरवाले सापडले. त्यांची टाकी फुटून वेल्डिंगला गेली होती, म्हणून ट्रॉली मोकळी होती. होडी बघून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अबे कोकण्या, हे तर जहाज हाय. माझं नाव आता बाबू कप्तान."

ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या, त्यावर होडी, शेजारी आडवी डोलकाठी, वर भिजलेली पोती. मागं तीन फूट होडी बाहेर आली, तिला लाल फडकं बांधलं. आणि वाटेत मारायला म्हणून एक पत्र्याची टिप, म्हणजे पिंप, पाण्यानं भरून घेतली. मंगळवारी फटफटताना निघालो.

वाटेत लोक नुसते हसत होते. चाकूरला चहावाला ओरडला, "ओ, होडी पुढं धाडलीय, पानी मागून यायलंय का?" बाबूमिया म्हणाले, "पानी उधारीवर हाय, देनार का तुम्ही?" मीही हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

अहमदपूर मागं पडलं. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. पोती भिजवायला मी टिपेचं झाकण उघडलं... आत काही नाही. बूड गंजलेलं होतं, धक्क्यांनी भोक पडून पाणी कधीच गळून गेलं होतं. पोती पांढरी पडलेली. आणि होडीतून आवाज यायला लागला. टक्... टक्... हा आवाज मी ओळखतो. फळी सुटायला लागली की येतो तो.

मी रडकुंडीला आलो. पुढं रस्त्याच्या कडेला दहा-बारा घरांची वस्ती दिसली, निळा झेंडा लावलेली. गाव तिथून आत होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. एक बाई डोक्यावर दोन घागरींची उतरंड घेऊन वस्तीकडं वळत होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मी ट्रॉलीतून उडी मारली.

"ताई, थोडं पाणी मिळेल?"

तिनं घागरी कट्ट्यावर उतरवल्या, आणि मग माझ्याकडं नीट बघितलं. "आमच्या वस्तीचं पानी हाय. चालंल ना?"

"मला न चालायला काय झालं? पण... पिण्यासाठी नको. होडीला हवंय."

ती पदर तोंडाला लावून हसली. "होडीला? आवं, होडी पान्यात असती का पानी होडीत?"

मी तिला सांगितलं. फळ्या, सांधे, उद्याचे मोठे साहेब, नोकरी, आई... घाबरलेला माणूस बोलतो तसं सगळं एका दमात. आमच्याकडं दारात विहीर, परसात विहीर, पावसात तर घरात पाणी. दोन घागरी म्हणजे काय हे मला कळतच नव्हतं. दोन वर्षं दुष्काळात राहून कळलं नव्हतं, कारण साहेबांच्या बंगल्यावर टँकर यायचा.

"आई एकलीच हाय का घरी?" तिनं विचारलं.

"दोन बहिणी आहेत."

तिनं पदर कमरेला खोचला. मग एक घागर उचलून सरळ ट्रॉलीपाशी गेली आणि स्वतःच पोत्यांवर पाणी घालायला लागली. सांडू नये म्हणून एका हातानं धार धरायची, दुसऱ्या हातानं पोतं दाबायची. लहान लेकराला अंघोळ घालतात ना, तसं. मग दुसरी घागरही.

"ताई, तुम्हाला?"

"मी आनते की दुसरं. हितंच हाय हिर." रानाकडं कुठंतरी हात केला तिनं. "जावा आता, ऊन व्हायलंय. नोकरी लागली की सांगून जावा."

मी तिच्या पाया पडायला वाकलो तर दोन पावलं मागं सरली. "आवं, येडं का काय!"

आम्ही निघालो. साडेअकरा-बारा झाले असतील.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय ते. दोन घागरी पाणी, दहा-बारा पोती, मे महिन्यातलं ऊन आणि चालती गाडी. तासाभरात पोती खडखडीत व्हायला हवी होती. माळाकोळीच्या पुढं मी हात लावून बघितला. गच्च ओली. टकटक थांबलेली. मला वाटलं, आपण सावलीला आहोत म्हणून असेल. पण सावली कुठं होती?

लोह्याला टायरमध्ये हवा भरायला थांबलो. बाबूमिया मागं येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा बदलला.

"अबे, पोती टपकायलीत. किती पानी टाकलंस तू?"

"तुमच्यासमोर तर टाकलं. दोन घागरी."

ट्रॉलीच्या फटीतून थेंब पडत होते. एक-दोन नाही... सतत. पंक्चरवाल्या म्हाताऱ्यानं एक डबा आणून खाली लावला. आमची हवा भरून होईपर्यंत तो डबा काठोकाठ भरला. म्हाताऱ्यानं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "हिरीचं हाय. गोड हाय." आणि डबा आपल्या शेळीपुढं ठेवला. शेळीनं तो संपवला. मी मागं वळून बघितलं तर रस्त्यावर, आम्ही आलो त्या दिशेला, थेंबांची ओली रेघ होती. एवढ्या उन्हात ती वाळत नव्हती.

मला भीती वाटली का? नाही हो. तेच तर सांगायचंय... मला आनंद झाला. मला वाटलं, देवाला माझी दया आली. मी ट्रॉलीत बसून होडीवर डोकं टेकवलं आणि चक्क रडलो.

नांदेडच्या जकात नाक्यावर कारकुनानं होडी कशात लिहायची म्हणून अर्धा तास घातला. शेवटी "लाकडी सामान" लिहिलं. तोपर्यंत थेंब चालूच होते. बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. होडी उतरवायला चार माणसं आली. मी पोती काढायला हात घातला, तर ती पापडासारखी कडक. झटकली तर धूळ उडाली. दहा मिनिटांपूर्वी गळत होती! आणि खाली होडी फुगलेली, फळीला फळी अशी बसलेली की सांध्यात नख जाईना.

बुधवारी मोठ्या साहेबांसमोर होडी पाण्यात गेली, शीड उभं राहिलं. थेंबभरही पाणी आत आलं नाही. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतीला बाबूमियांच्या टिपेला डांबर लावून भोक बुजवलं आणि ती गोदावरीच्या पाण्यानं भरून घेतली. ताईला द्यायला. नोकरी लागल्याचं सांगायला. गुरुवारी दुपारी आम्ही त्या वस्तीशी थांबलो.

कट्ट्यावर माणसं बसली होती. एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. ती ताईची सासू. शेजारच्या एका माणसानं बाबूमियांना सांगितलं, तेही हळू आवाजात. परवा दुपारी सून हिरीत पडली. हीर लांब, दीड मैल, तळाला वाटीवाटीनं झरा साठतो, तो भरायला आत उतरावं लागतं. दुपारी तिकडं कुणी फिरकत नाही, म्हणून कळलंही उशिरा. वर काढली तेव्हा दिवस मावळत होता.

मग म्हातारी बोलली. कुणाला उद्देशून नाही, नुसतीच. "सकाळी दोन घागरी भरून आनताना बायांनी बघितली तिला. मंग घरी पानी कुठं गेलं? घागरी रिकाम्या कशा झाल्या? आन परत उनात कशापायी गेली ती?"

कट्ट्यावरचा दुसरा एक जण पुटपुटला, "पानी आनायला न्हाई गेली. भांडन झालं असंल घरात." म्हातारी ओरडली, "भांडन न्हवतं रं! माझ्या लेकाला उगं ठान्यात बसवलाय. भांडन न्हवतं!"

मी तिथं उभा होतो. म्हातारीपासून दोन हातांच्या अंतरावर. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की पाणी मी मागितलं, तिनं मला दिलं, ती दुसरं आणायला गेली. तीन वाक्यं. तोंड उघडलंही होतं मी... बाबूमियांनी माझं मनगट धरलं. "चूप. पोलीस केस हाय. नोकरी कालच लागली ना तुझी?"

पण त्यांच्यावर कशाला ढकलू? मनगट त्यांनी लगेच सोडलं होतं. मी गप्प बसलो तो माझा मी.

म्हातारीनं टिपेकडं बघून विचारलं, "पानी कशाचं?"

मी म्हणालो, "असंच... वाटतोय."

वस्तीतल्या बायांनी घागरी आणल्या, पाणी भरून घेतलं. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "लई मोठं काम करायलास बाबा. भलं होईल तुझं."

भलं झालं माझं. त्याच नोकरीत मी रिटायर झालो, बहिणींची लग्नं झाली, मुलगी शिकली, आज पेन्शन खातोय. आधी भीतीपोटी आणि नंतर लाजेपोटी त्या रस्त्यानं मी पुन्हा कधी गेलो नाही. नांदेडहून लातूरला जायचं झालं तर परभणीकडून लांबचा वळसा घालतो. मुलगी विचारते, "पप्पा, एवढं लांबून का?" मी म्हणतो, रस्ता चांगला आहे.

पोत्यांचं मी पुष्कळांना विचारलं. एक विज्ञानाचे सर म्हणाले, ताग पाणी धरून ठेवतो. मी म्हणालो, सर, डबा भरला, शेळी प्यायली. ते म्हणाले, मग तुम्हाला भास झाला असेल. बाबूमिया आता नाहीत, ते असते तर त्यांनी सांगितलं असतं. मला याचा उलगडा झालेला नाही आणि होईल असंही वाटत नाही. तिनं ते मला दिलं की माझ्याकडं काही मागत होती, एवढं जरी कळलं असतं तरी चाललं असतं.

पण त्या म्हातारीच्या प्रश्नाचं तसं नाही. तो उलगडा माझ्याकडं पहिल्या दिवसापासून आहे. ताईचं नाव मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायचं तोंड राहिलं नाही. अहमदपूर आणि माळाकोळीच्या मधली, रस्त्याकडेच्या वस्तीतली, नव्या जिल्ह्याच्या त्या दुष्काळातली सून. तिच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर ऐका. तिनं जीव दिला नाही. घरात भांडण झालं नव्हतं. घागरी रिकाम्या झाल्या त्या माझ्यामुळं. ती पाणी आणायलाच गेली होती.