सनईवाल्याचा दात

डॉक्टर आधी दात ऐकत, मग पाहत. छोट्या आरशाच्या दांडीने दातावर हलकेच टकटक करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मूळ चांगलं आहे. काढायचा नाही."

पन्नास सालानंतरचं कल्याण. तेव्हा दात दुखला की लोक उपटून मोकळे व्हायचे. त्या पिढीची बोळकी तुम्हीही पाहिली असतील. डॉक्टर मात्र आतली कुजलेली नस काढून मूळ धुवायचे, भरायचे. मग त्या मुळात धातूचा खिळा बसवून वर नवा दात उभा करायचे. खिळा आणि दात दवाखान्यामागच्या खोलीत मी घडवायचो.

एकदा खडवलीचे एक सनईवादक बुवा आले. पन्नाशीचे. ओट्यावरून पडून पुढचा दात अर्धा तुटला होता.

"लग्नसराई तोंडावर आलीय, डॉक्टरसाहेब. दाताचा आधार नसला तर सूर फाटतो."

डॉक्टरांनी टकटक केली. मूळ चांगलं होतं. चार खेपांत नस काढून झाली. मी खिळा ओतला. तो किंचित जाड झाला होता आणि ते माझ्या बोटांना कळलं होतं. पण पुन्हा ओतायचा म्हणजे सबंध दिवस जाणार. मी तसाच पुढे केला.

दात सुरेख बसला. बुवा आरशात बघून लाजले. तीन आठवड्यांनी आले ते गाल सुजवून. मूळ उभं चिरलं होतं.

मी दारात उभा होतो. डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"बुवा, चूक माझी आहे. माझ्या हातून मूळ फुटलं. आता दात काढावा लागेल."

बुवांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. मग म्हणाले, "काढा."

जखम भरल्यावर डॉक्टरांनी त्यांना एका दाताची कवळी करून दिली. ती ओठाला टोचायची, सूर फाटायचा. मग दर रविवारी डॉक्टर खडवलीला जायला लागले. कधी मीही असायचो. बुवा फुंकायचे, थांबायचे. डॉक्टर कवळी काढून कानशीने जरा घासायचे. "आता बघा." लग्नसराई दुसऱ्यांनी वाजवली. पावसाळाही सरला.

दिवाळीच्या सुमारास एका रविवारी लांब, सरळ सूर निघाला. बुवांनी सनई मांडीवर ठेवली.

"पहिल्यासारखा नाही. पण लागला."

डॉक्टरांनी कानशी पिशवीत टाकली.

काही वर्षांनी डॉक्टर आजारी पडले आणि ठाण्याला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा एकदाचं सांगून टाकलं. "डॉक्टर, बुवांचा तो खिळा जाड होता. मला माहीत होतं."

"मलाही," ते म्हणाले. "आत घट्ट जात होता. थांबायला हवं होतं, थांबलो नाही."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"बसवला मी." मग म्हणाले, "तुझं तू बघ."

पंधरवड्यात ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खडवलीला गेलो. बुवांनी पाणी दिलं, डॉक्टरांचं विचारलं. मी सांगितलं. ते डोळे पुसत असतानाच मी म्हणालो, "बुवा, तो खिळा मी केला होता."